मेडल नाही, स्टोरी खपते!

बर्फावरच्या चॅम्पियनना जाहिरातवाले डोक्यावर घेतात. पण सगळ्यांना नाही. कोणाला घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ठरतं कसं? फिगर स्केटिंगच्या ग्लॅमरमागचा हा हिशेब...

शाम्पू, सूप, मोबाइल फोन, च्युइंगगम आणि बँकेतलं रिकरिंग खातं. या पाच गोष्टींत कॉमन काय? करा विचार... हरलात? सोप्पं आहे. हे सगळं फिगर स्केटर्सनी विकलंय. पायात धारदार पात्यांचे बूट घालून बर्फावर गिरक्या घेणाऱ्या पोरापोरींनी!

आपल्याकडे स्केटिंग म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाकांवर धडपडणं आणि गुडघे फोडून घेणं. बर्फावरचं स्केटिंग आपण बघितलं ते टीव्हीवर, चॅनेल बदलता बदलता. अमेरिका, जपान, कोरियात मात्र या खेळाभोवती कोट्यवधींची उलाढाल झालीय. मास कॉमला आम्हाला सेलिब्रिटी एन्डॉर्समेंटचा एक साधा फंडा शिकवला होता. जिंकणारा चेहरा शोधा, त्याच्या हातात प्रॉडक्ट द्या, काम फत्ते! फिगर स्केटिंगचा इतिहास वाचत गेले, तशी या फंड्याची पार वाट लागली. कारण इथं ऑलिंपिक गोल्ड गळ्यात असूनही ‘ही चालेल का हो?’ असा प्रश्न विचारला गेलाय. आणि एकदाही ऑलिंपिक गोल्ड न मिळालेली मुलगी वर्षानुवर्षं ब्रँड्सच्या गळ्यातला ताईत होऊन बसलीय.

मग नेमकं खपतं काय? माझं उत्तर आहे, स्टोरी. आणि तीही कुठलीही नाही. ज्या देशात माल खपवायचाय, त्या देशाला स्वतःबद्दल ऐकायला आवडेल अशीच.

आधी बिल बघू

ग्लॅमरकडे जाण्याआधी खर्चाचं बोलू. कोच तासावर पैसे घेतो. रिंकचं भाडंही तासावर. कोरिओग्राफर वेगळा. मापाचे बूट वेगळे, त्यांची पाती वेगळी. शिवाय ड्रेस, म्युझिक, फिजिओ, विमानाची तिकिटं. हे सगळं मूल पाच-सहा वर्षांचं असल्यापासून सुरू होतं, ते विशीपर्यंत. अमेरिकेत हा भार मुख्यतः आईवडिलांच्या खिशावर. नॅन्सी केरिगनचे वडील वेल्डर होते. मुलीची फी परवडावी म्हणून ते रिंकवरचा बर्फ सपाट करायचं मशीन चालवायचे. मिशेल क्वानच्या घरच्यांनी तर मुलींच्या स्केटिंगपायी राहतं घर विकलं.

आणि परतावा? इंटरनॅशनल ऑलिंपिक कमिटी मेडलबरोबर एक पैसाही देत नाही. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये गोल्ड जिंकणाऱ्या अमेरिकन खेळाडूला स्वतःच्या देशाच्या ऑलिंपिक कमिटीकडून मिळाले ३७,५०० डॉलर. रक्कम वाईट नाही. पण पंधरा वर्षांच्या खर्चापुढे ती किती पुरणार? म्हणजे या खेळात जाहिरात ही वरकमाई नाहीच. झालेला खर्च भरून काढायचा तो जवळजवळ एकमेव रस्ता आहे.

त्यात पुन्हा टायमिंगचा लोचा. सगळं जग फिगर स्केटिंग बघतं ते चार वर्षांतून एकदा, जेमतेम दोन-अडीच आठवडे. आणि नेमक्या त्याच दिवसांत ऑलिंपिक चार्टरचा ४० वा नियम आडवा येतो. खेळाडूनं आपलं नाव आणि चेहरा स्वतःच्या स्पॉन्सरच्या जाहिरातीत वापरू द्यायचा नाही, असा हा नियम. २०१९ मध्ये तो बराच सैल झाला. तोवर मात्र ऐन दिवाळीत दुकानाचं शटर खाली!

सोन्याची सोन्या

हा धंदा सुरू करणारी बाई नॉर्वेची. नाव सोन्या हेनी. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक गोल्ड आणि १९२७ ते १९३६ सलग दहा वर्ल्ड टायटल्स. स्केटिंगमध्ये आखूड स्कर्ट आणि पांढरे बूट लोकप्रिय केले ते हिनंच. तेव्हाचा नियम कडक. पैसे घेतलेत की तुम्ही ‘प्रोफेशनल’, मग ऑलिंपिक विसरा. सोन्यानं आधी मेडलं गोळा केली, १९३६ मध्ये स्पर्धांना रामराम ठोकला आणि थेट हॉलिवूड गाठलं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सबरोबर करार, त्याच वर्षी ‘वन इन अ मिलियन’ हा सिनेमा आणि पुढं गावोगाव फिरणारे आइस शो. १९६८ मध्ये तिनं आणि तिच्या नवऱ्यानं ऑस्लोजवळ स्वतःचं आर्ट म्युझियमच उभं केलं. बर्फावर कमावलेलं कुठवर जाऊ शकतं, बघा!

सोन्यानं एक साचा घालून दिला. देखणी, हसरी, नाजूक, गोरी. ‘आइस प्रिन्सेस’. पुढची पन्नासेक वर्षं जाहिरातवाले याच साच्यात बसणाऱ्या मुली शोधत राहिले.

एक ड्रेस, एक हेअरकट

१९६१ मध्ये अमेरिकेची अख्खी फिगर स्केटिंग टीम विमान अपघातात गेली. १८ स्केटर, सोबत कोच आणि नातेवाईक. सगळे संपले. सात वर्षांनी ग्रेनोबलला पेगी फ्लेमिंगनं गोल्ड घेतलं, त्या ऑलिंपिकमधलं अमेरिकेचं ते एकमेव गोल्ड. तिच्या अंगावरचा हिरवट ड्रेस आईनं घरी शिवलेला. राखेतून उठलेला देश आणि आईच्या हातचा ड्रेस! अमेरिकेनं ही स्टोरी अगदी उराशी धरली.

१९७६ मध्ये डोरोथी हॅमिल जिंकली, तेव्हा तिच्या गिरक्यांइतकीच चर्चा झाली तिच्या केसांची. गिरकी घेताना गोल पसरायचे आणि थांबली की जागच्या जागी बसायचे. पोरी फोटो घेऊन पार्लरमध्ये धावल्या. क्लेरॉल कंपनीनं तिला लगेच ‘शॉर्ट अँड सॅसी’ शाम्पूच्या जाहिरातीत घेतलं. मेडल आणि प्रॉडक्ट यांचं इतकं फिट्ट जमलेलं लग्न शोधून सापडणार नाही. पण या ग्लॅमरची दुसरी बाजूही तिनंच दाखवली. ज्या ‘आइस कपेड्स’मध्ये ती स्टार होती, तो अख्खा शो १९९३ मध्ये तिनं विकत घेतला. तो झेपला नाही आणि १९९६ मध्ये तिच्यावर दिवाळखोरी जाहीर करायची पाळी आली. चेहरा चालतो म्हणून धंदा चालतोच असं नाही, बॉस!

आणि पूर्व जर्मनीची कातारिना विट? १९८४ आणि १९८८ ची चॅम्पियन. तिची स्टोरी पडद्याच्या पलीकडून आलेली, म्हणून जास्तच मसालेदार. कम्युनिस्ट देशाचा हा सुंदर चेहरा भांडवलशाही देशांतही तुफान चालला. मात्र तिच्या कमाईतला मोठा वाटा तिचं सरकारच घ्यायचं. भिंत पडल्यावर ती खऱ्या अर्थानं स्वतःची मालकीण झाली. १९९८ मध्ये ‘प्लेबॉय’साठी पोझ दिली, तो अंक हातोहात संपला.

१९८८ च्या कॅलगरीत विटची मुख्य प्रतिस्पर्धी होती अमेरिकेची डेबी थॉमस. गंमत म्हणजे दोघींनी म्युझिकही एकच निवडलेलं, ‘कारमेन’. थॉमसला ब्राँझ मिळालं. विंटर ऑलिंपिकमध्ये मेडल घेणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. अमेरिकेसाठी याहून भारी स्टोरी कुठली? पण आइस प्रिन्सेसच्या गोष्टीत तिच्यासाठी जागाच लिहिलेली नव्हती.

‘आपली’ कोण?

आता येते ती स्टोरी, जी वाचून मी चहा बाजूला ठेवला.

२१ फेब्रुवारी १९९२, आल्बर्टव्हिल. अमेरिकेची क्रिस्टी यामागुची गोल्ड जिंकते. वय वीस, हसरी, शिस्तीची, एकही वाद नाही. जाहिरातवाल्यांनी रांग लावायला हवी, बरोबर? पण तेव्हा अमेरिका आणि जपानमध्ये व्यापारावरून जुंपलेली. जपानी गाड्यांमुळे आपल्या नोकऱ्या जातात असा अमेरिकन लोकांचा राग. आणि अमेरिकेच्या बिझनेस पेजेसवर चक्क चर्चा सुरू झाली की, जपानी नाव आणि जपानी चेहरा अमेरिकन ग्राहकाला चालेल का?

यामागुची जन्मली कॅलिफोर्नियात. तिची आईसुद्धा अमेरिकेतच जन्मलेली, पण कुठं माहितीये? कोलोरॅडोतल्या छावणीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच देशातल्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारातून उठवून अशा छावण्यांत डांबलं होतं. त्या हुकमावर सही झाली १९ फेब्रुवारी १९४२ ला. म्हणजे यामागुचीच्या गोल्डच्या दोन दिवस आधी त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. आजी-आजोबांना ‘तुम्ही आमचे नाही’ म्हणून तारेच्या कुंपणात ठेवलं, आणि नात देशासाठी गोल्ड घेऊन आली तरी प्रश्न तोच, फक्त आता मार्केटिंगच्या भाषेत!

तिला जाहिराती मिळाल्या, नाही असं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स, कापड, सकाळचं सीरियल. पुढं २००८ मध्ये ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ जिंकली, २०२४ मध्ये तिच्या रूपातली बार्बी बाजारात आली. गोल्डनंतर बत्तीस वर्षांनी. मुद्दा तिला किती मिळालं हा नाहीच. तो प्रश्न तिच्याबद्दलच का विचारला गेला, हा आहे.

आणि हे तिथंच थांबलं नाही. १९९८ मध्ये नागानोला तारा लिपिन्स्कीनं मिशेल क्वानला मागं टाकलं, तेव्हा एका मोठ्या अमेरिकन न्यूज साइटनं हेडिंग दिलं, त्याचा अर्थ असा की अमेरिकन मुलीनं क्वानला हरवलं. क्वानही अमेरिकनच हो! कॅलिफोर्नियात जन्मलेली! साइटनं नंतर माफी मागितली, पण मनातलं होतं ते छापून गेलंच.

युरोपात फ्रान्सची सुर्या बोनाली. पाच वेळा युरोपियन चॅम्पियन, तीनदा वर्ल्ड सिल्व्हर. कृष्णवर्णीय, मजबूत बांध्याची, उड्यांत वाघीण. ती ‘नाजूक’ नाही ही तक्रार सतत ऐकू यायची. १९९८ मध्ये, शेवटच्या ऑलिंपिकमध्ये तिनं बंदी असलेली बॅकफ्लिप मारली आणि एका पायावर उतरली. मार्क कापले गेले, पब्लिक वेडं झालं. २०२४ मध्ये इंटरनॅशनल स्केटिंग युनियननं बॅकफ्लिपवरची बंदी उठवली. आता तीच उडी प्रेक्षक खेचते. बोनालीला त्याचा काय उपयोग?

इथं या खेळाची खरी गोम आहे. शंभर मीटर धावलात तर घड्याळ बोलतं. इथं जजेस बोलतात. उडीबरोबर तुम्ही ‘दिसता’ कसे, याचाही मार्कांवर परिणाम होतो. आणि जो साचा जजच्या डोक्यात असतो, बहुतेकदा तोच जाहिरातवाल्याच्याही डोक्यात असतो. साच्याबाहेरच्या मुलीला दंड दोनदा बसतो. एकदा मार्कांत आणि एकदा बँकेत.

गुडघ्यावरचा घाव आणि ४८.५ टक्के

६ जानेवारी १९९४. डेट्रॉइटमध्ये प्रॅक्टिस संपवून बाहेर पडणाऱ्या नॅन्सी केरिगनच्या गुडघ्याच्या वर कोणीतरी दांडकं हाणलं. कट निघाला प्रतिस्पर्धी टोन्या हार्डिंगच्या माजी नवऱ्याचा. दोघीही दीडेक महिन्यात लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये एकाच बर्फावर! २३ फेब्रुवारीचा त्यांचा पहिला राउंड टीव्ही असलेल्या अमेरिकन घरांपैकी ४८.५ टक्के घरांत बघितला गेला. कुठल्याही मार्केटिंगवाल्याला असं आकडे काढणारं कँपेन सुचलं नसतं.

गोल्ड घेतलं युक्रेनच्या सोळा वर्षांच्या, आई गमावलेल्या ओक्साना बाइउलनं. पण अमेरिकेत कॅमेरे फिरले सिल्व्हरवाल्या केरिगनकडे. सूपची जाहिरात, बूट, डिस्नेबरोबर करार. डिस्ने वर्ल्डच्या परेडमध्ये मिकी माउसशेजारी उभी असताना, असलं बालिश काम आपण कधी केलं नव्हतं, अशा अर्थाचं ती पुटपुटली आणि माइकनं ते पकडलं. झालं! काल डोक्यावर घेतलेली मुलगी आज गर्विष्ठ ठरली. राजकन्येला कंटाळा येता कामा नये, असा इथला अलिखित करार आहे.

आणि टोन्या? तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा तिनं कबूल केला, आजन्म बंदी आली. त्याची वकिली मी करणार नाही. पण हल्ल्याच्या आधीचं बघा. १९९१ मध्ये स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सेल, म्हणजे हवेत साडेतीन गिरक्यांची उडी, जमवणारी ती पहिली अमेरिकन बाई. देशाची चॅम्पियन. तरी मोठ्या ब्रँड्सची रांग तिच्या दारात नव्हती. गरीब घर, मॉलमधल्या रिंकवर सराव आणि आईनं शिवलेले ड्रेस. आठवतंय? पेगी फ्लेमिंगचाही ड्रेस आईनंच शिवला होता. तिथं ते गोड ठरलं, इथं ‘डाउनमार्केट’. केरिगनचे ड्रेस डिझाइन करत होती व्हेरा वँग, स्वतः एकेकाळची स्केटर. दोघींचेही बाप कष्टकरीच. पण एकीला साच्यात बसवता आलं, दुसरीला नाही. टोन्याची स्टोरी खपली ती २०१७ मध्ये, ‘आय, टोन्या’ सिनेमा होऊन. खलनायिकाही खपते, फक्त उशिरा!

दुकान पूर्वेला हललं

नव्वदच्या दशकात अमेरिकेत स्केटिंगची लाट होती. मग ओसरली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीमधल्या जजिंग घोटाळ्यानंतर ६.० ची जुनी पद्धत गेली. पैकीच्या पैकी म्हणजे ६.० हे आजीलाही कळायचं. नव्या पद्धतीतले दोनशे काही पॉइंट काही काही कोणाला कळेनात. २००७ नंतर अमेरिकन फेडरेशनला टीव्ही हक्कांची ठोक रक्कमही मिळेनाशी झाली.

पण दुकान बंद पडलं नाही, ते हललं. कोरियाची किम यु-ना बघा. देशात धड रिंक मिळायची मारामार. पब्लिक घरी गेल्यावर रात्री उशिरा सराव. २०१० मध्ये व्हँकूव्हरला २२८.५६ पॉइंटचा विक्रम करून गोल्ड, आणि मागं जपानची माओ असादा. कोरियासाठी याहून गोड स्टोरी असेल? सॅमसंगनं तिच्या नावाचा मोबाइल आधीच काढला होता, तो दहा लाखांवर विकला गेला. ह्युंदाई, नायकी, कोरियन एअर सगळे दारात. कूकमिन बँकेनं तर तिच्या नावाची रिकरिंग योजना आणली. ती जिंकली तर खातेदारांना जादा व्याज! २०१४ मध्ये तिला सिल्व्हर मिळालं, तरी ‘फोर्ब्स’च्या महिला खेळाडूंच्या कमाईच्या यादीत ती चौथी, १ कोटी ६३ लाख डॉलर. पुढं फक्त टेनिसवाल्या. २०१८ मध्ये आपली पी. व्ही. सिंधू याच यादीत ८५ लाख डॉलरसह सातवी होती, यावरून अंदाज घ्या.

किमनं आणखी एक शहाणपण केलं. २०१० मध्ये तिच्या आईनं स्वतःची कंपनी काढली आणि तिचं सगळं काम बाहेरच्या एजन्सीकडून घरात आणलं.

याच्याही पुढं गेला जपानचा युझुरू हान्यू. २०११ च्या भूकंपात सेंदाईच्या रिंकवर सराव करताना जीव मुठीत धरून बाहेर पळालेला सोळा वर्षांचा मुलगा. रिंक बंद, मग आइस शो करत फिरत सराव. २०१४ आणि २०१८ ला गोल्ड. पुरुषांत सलग दोन गोल्ड ६६ वर्षांनी! च्युइंगगम, चॉकलेट, कॉस्मेटिक्स, काय नाही विकलं त्यानं? बाईनं मेकअप विकायचा आणि पुरुषानं रेझर, हा जुना नियम या सडसडीत पोरानं सहज मोडला. त्याचा परफॉर्मन्स संपला की बर्फावर ‘विनी द पू’च्या टेडींचा पाऊस पडायचा, आणि ते टेडी मग लहान मुलांना वाटले जायचे. पहिल्या पुस्तकाची रॉयल्टी त्यानं सेंदाईच्या रिंकला दिली.

२०२२ मध्ये त्यानं स्पर्धा सोडल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये टोकियो डोममध्ये त्याचा एकट्याचा शो झाला. प्रेक्षक ३५ हजार. ना प्रतिस्पर्धी, ना मार्क, ना जज. लोक तिकीट काढून फक्त त्याला बघायला आले. साच्यात बसतो का, हे विचारणारा मधला माणूसच त्यानं उडवून टाकला.

चौकट : गोल्डविना ग्लॅमर

मिशेल क्वान : पाच वर्ल्ड टायटल्स, नऊ वेळा अमेरिकन चॅम्पियन, ऑलिंपिकमध्ये एक सिल्व्हर, एक ब्राँझ. तरी कोका-कोला, व्हिसा, डिस्ने तिच्याबरोबर. नंतर बेलीझमध्ये अमेरिकेची राजदूत.

जॉनी वीअर : एकही ऑलिंपिक मेडल नाही. २०१० चं गोल्ड जिंकला त्याचा सहकारी इव्हान लायसाचेक. पण २०१४ पासून लिपिन्स्कीबरोबर एनबीसीच्या कॉमेंट्री बॉक्समधून, झगमगीत कपड्यांत, भाव खाल्ला वीअरनं.

अ‍ॅडम रिपन : २०१८ मध्ये वैयक्तिक दहावा, टीम ब्राँझ. उघडपणे गे असल्याचं सांगणारा आणि हजरजबाबी. त्याच वर्षी ‘डान्सिंग विथ द स्टार्स’ जिंकला.

तर मंडळी, पुढच्या विंटर ऑलिंपिकला तुम्ही रात्री जागून स्केटिंग बघालच असं नाही. पण आपल्याकडचीही एखादी मुलगी कुठल्यातरी खेळात मेडल घेऊन विमानतळावर उतरेलच. गळ्यात हार, ढोल-ताशे, मंत्र्यांबरोबर फोटो. त्यानंतरचे दोन महिने जरा टीव्हीवर लक्ष ठेवा. तिला कसली जाहिरात मिळते? फेअरनेसवाल्यांनी नाव बदललेलं तेच क्रीम, की एखादी कार? मिळते तरी का? आणि नाही मिळाली, तर तिच्या मेडलमध्ये काय कमी होतं, हे शोधण्यात वेळ घालवू नका. आपल्याला कसल्या स्टोऱ्या आवडतात, ते बघा.